केसांतून ओढलेली सुई

आधी नाव सुगंधाचं. पळसदरीची सुगंधा, शिळफाट्यावरच्या आमच्या सात खाटांच्या दवाखान्यातली आया. माझं दुखणं काय होतं आणि ते कुठून आलं हे पुढे सांगणारच आहे. पण मी आज भिंतीला टेकून हे लिहिते आहे ती तिच्यामुळे, आणि हे सुरुवातीलाच आलं पाहिजे. शेवटी सांगितलं तर मी पुन्हा काहीतरी लपवून ठेवलं असं मला वाटत राहील.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकते. मी तिच्यावर जळत होते. आजारी पडायच्या आधी जळत होते, खाटेवर पिवळी होऊन पडले तेव्हाही जळत होते. घरात कुणी आजारी असलं तर काय काळजी घ्यावी एवढंच लिहायला बसले होते, पण ते लिहायचं तर हे जळणं वगळता येत नाही. दुखणं तिथूनच आलं.

मी चौथी पास. माहेर अंबाजोगाईच्या पलीकडे, इथून दोन एस्ट्या बदलून जावं लागतं. नवऱ्याला खोपोलीत कागदाच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही आलो. आमची छबी तेव्हा पाच वर्षांची. इथे आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी मला झाडायला, पुसायला, चादरी धुवायला ठेवलं. तिथे सुगंधा माझ्या आधीपासून होती. रोज सकाळी पळसदरीहून गाडीने यायची, डोक्यात अबोली, कमरेला काळ्या दोऱ्यात किल्ली.

ती किल्ली सुयांच्या कपाटाची.

*

दवाखान्यातली इंजेक्शनं काचेची, आणि सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. वापरलेली सुई आधी गार पाण्याने आतून धुवायची, मग उकळायची. उकळून गार झाली की आतून बारीक तार घालायची, मग वस्तऱ्याच्या दगडासारख्या गुळगुळीत दगडावर तिची धार काढायची. टोक वाकलंय का हे कापसावर ओढून बघायचं. कापसाचा धागा अडकला तर टोक वाकलंय, पुन्हा दगडावर. मग परत धुवायची आणि परत उकळायची, पाणी खळखळायला लागल्यापासून वीस मिनिटं. मध्ये झाकण काढायचं नाही.

हे सगळं सुगंधाकडे. ती सातवी शिकलेली, औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी अक्षरं लावता यायची तिला. डॉक्टरसाहेब कुठलीही गोष्ट विचारली की म्हणायचे, "सुगंधाला विचार." आदल्या दिवशी फरशी मी पुसलेली, चादरी मी उकळलेल्या, आणि आलेली बाई म्हणायची, "सुगंधा हाय का? तिची सुई दुखत नाय." अहो, टोचायचे डॉक्टर! पण नाव तिचं.

तिने मला धार काढायला शिकवलं. मला ते पटकन जमलं, कारण माझा हात सुईवर लहानपणापासून बसलेला. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया वाकळा शिवायला बसतात. जाड कापडातून सुई सरसर जावी म्हणून दर चार टाक्यांनी ती केसांतून ओढतात. केसाचं तेल लागलं की सुई पळते. बाईला ते करताना कळतही नाही, हात आपोआप जातो.

माझाही गेला. धार काढलेली सुई मी कानामागून केसांतून ओढली, आणि सुगंधाने माझं मनगट धरलं.

"कौसे! ही काय गोधडीची सुई हाय? डोस्क्यात इंजेक्शन घेतेस काय गं?"

कंपाउंडर खो खो हसला. दारातल्या दोन पेशंट बाया हसल्या. मीही हसले, पण मनात म्हटलं, माय, एवढ्या माणसांत बोलायची काही गरज होती का? ती सुई तेव्हा उकळलेली होती, म्हणून काही झालं नाही. तिने बजावलं, "केस बांधून, फडकं गुंडाळून बसत जा." मी दोन दिवस फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. तिने सांगितलं म्हणून मी का बांधू?

*

तिच्या भाचीचं लग्न निघालं ठाकुरवाडीला. जाताना तिने किल्ली डॉक्टरांकडे दिली, डॉक्टरांनी माझ्याकडे. "कौसल्या, आजचा दिवस तू बघ."

मी किल्ली कमरेला लावली आणि उगाचच दोन चकरा मारल्या, वाजावी म्हणून.

त्या आठवड्यात हायवेवरचा एक ट्रकवाला आमच्याकडे दाखल होता. डोळे हळदीसारखे. त्याला टोचलेल्या सुया बाकीच्यांबरोबर त्याच थाळीत होत्या. स्टोव्ह त्या दिवशी मंद जळत होता. मी विचार केला, पाणी तापेपर्यंत धार काढून घेऊ, मग सगळं एकदमच उकळू. एक उकळ वाचेल. दुपारच्या पेशंटांच्या आत सगळ्या सुया ओळीने मांडून ठेवीन. उद्या ती येऊन बघेल आणि तिला कळेल की तिच्यावाचून काही अडत नाही.

मी दगडावर सुई घासत होते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. हात आपल्या वाटेने गेला. उजव्या कानामागे चरचरलं. बोट लावून पाहिलं तर रक्ताचा एवढासा ठिपका. पदराने पुसला आणि पुढची सुई घेतली.

नंतर उकळल्या. किती मिनिटं? हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. मध्येच डॉक्टरांनी सुई मागितली, मी झाकण काढून दिली, परत झाकण ठेवलं. घड्याळ बघितलं नाही. त्या दुपारी तिघांना इंजेक्शनं झाली.

दुसऱ्या दिवशी सुगंधा आली. हातावर मेंदी, तोंडावर जागरण. तिने एक सुई कापसावरून ओढली, दुसरी ओढली, आणि म्हणाली, "धार काय झकास काढलीस गं! माझ्याहून बरी." मग विचारलं, "आधी उकळल्यास ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तिच्याहून बरी म्हटलं होतं, आणि तेही तिनेच. मी म्हटलं, "हो तर."

*

तीन महिने काही झालं नाही. मी विसरूनही गेले.

मग फोडणीचा वास नको वाटायला लागला. अंग मोडून यायचं, फडकं पिळायला जोर नसायचा. लघवी चहासारखी. मी समजले उन्हाचं असेल. एका सकाळी खिडकीपाशी चादरी घडी घालत होते, तर सुगंधाने मधेच हाक मारली.

"कौसे, इकडं ये. उजेडात ये. वर बघ."

तिने माझी पापणी खाली ओढली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

"हातातलं ठेव खाली," ती म्हणाली. एवढंच.

डॉक्टरांनी रक्त मुंबईला पाठवलं. आमच्या चाळीत बातमी पोचली तशी शेजारणींनी नळावरची माझी कळशी बाजूला सारली, त्या छबीला आपल्या पोरींत घेईनाशा झाल्या. नवऱ्याने कुणाकडून तरी मुळ्यांची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. ती लांब होत खाली उतरली की कावीळ उतरते म्हणे. माळ उतरली, कावीळ चढतच गेली. शेवटी मी आमच्याच दवाखान्यात सात नंबरच्या खाटेवर येऊन पडले. ती चादर मीच धुतलेली होती.

रिपोर्ट आला. ही पाण्यातून होणारी कावीळ नव्हे, रक्तातून होणारी. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर सुगंधाशी बोलत होते ते मला सगळं ऐकू येत होतं.

"ती इथे सुया हाताळते, दुसरीकडे कुठे तिला सुई लागलेली नाही. म्हणजे आपल्याकडेच काहीतरी चुकलं. सुयांची जबाबदारी तुझी होती, सुगंधा."

"उकळल्याबिगर मी एक सुई बाहेर काढीत नाय, सायेब."

"मग हिला कुठून झाली?"

त्यावर किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

आता जे लिहिते आहे ते लिहायला हात धजत नाही. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. अंगात ताप, तोंड कडू, मरते की जगते ठाऊक नाही, आणि तरी आत कुठेतरी गार वाटलं, की गेली एकदाची किल्ली.

ती पडदा सारून माझ्याकडे आली. "कौसे, मी लग्नाला गेलेली तेव्हा तू बोललीस, आधी उकळल्या म्हणून. मी तुझ्या शब्दावर हाय. तसंच ना?"

मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "तसंच."

*

दवाखान्यात काम करणं वेगळं आणि तिथे पडून राहणं वेगळं. पडल्यावर मला कळलं की सकाळी बादलीचा आवाज किती मोठा येतो. सहा वाजता झाडू, सातला थर्मामीटर, मग उसाचा रस, मग छताकडे बघणं. भीती दुपारी यायची. छबीचं काय होईल, नवरा दुसरी करील का, माहेरी कोण कळवील, असलं डोक्यात फिरायचं. आणि फिरून फिरून सुगंधा.

कारण छबी तिच्याकडे होती. चाळीत तिला कुणी ठेवून घेईना, नवऱ्याची पाळी बदलती, म्हणून सुगंधा तिला पळसदरीला घेऊन गेली. त्याआधी डॉक्टरांनी छबीचं आणि नवऱ्याचं रक्त तपासायला पाठवलं, ते चांगलं निघालं. नवऱ्याला पुढे जी काळजी घ्यायची ती बाजूला घेऊन सांगितली. दर दोन दिवसांनी सुगंधा छबीला मला भेटवायला आणायची. दोन घट्ट वेण्या, त्यात अबोली, पायात पैंजणं कुणाची तरी जुनी.

"जेवलीस का गं?" मी विचारलं.

"हां. तांदळाची भाकर. मला ज्वारीची नाय आवडत."

नाय! आठ दिवसांत माझी लेक "नाय" म्हणायला लागली होती. सुगंधा हसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं लेकीच्या मायेने आलं. ते मायेचं नव्हतं. किल्ली गेली, तरी सगळं तिचंच होतं. पेशंट तिचे, डॉक्टर अजून तिलाच विचारायचे, आणि आता लेकही.

त्याच दुपारी माझं नाक फुटलं. रक्ताची धार थांबेना, चादर भिजली. मी ओरडले. सुगंधा धावत आली, मला पाहिलं, आणि परत फिरली. गेली! मी रक्त गिळत बसले होते आणि ती कोपऱ्यात उभी राहून रबरी हातमोजे घालत होती, पावडर लावून, एकेक बोट सरळ करत. ते अर्धं मिनिट मला वर्षासारखं गेलं. मग येऊन तिने माझं डोकं पुढे वाकवलं, नाक दाबून धरलं, रक्त थांबेपर्यंत सोडलं नाही. चादर वेगळ्या बादलीत टाकली, फरशीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून थोडा वेळ तसंच ठेवलं, मग पुसलं.

मी फणकारले. "तीन नंबरच्या म्हातारीला नुसत्या हातांनी उठवतेस. मला हात लावायला मोजे लागतात व्हय? मी काय विटाळाची आहे?"

"म्हातारीचं रक्त नाय वाहत," ती म्हणाली. "मोजे रक्ताला हायत गं, तुला नाय."

"सगळे असंच म्हणतात."

तिने मोजे पाण्यात टाकले, साबणाने हात कोपरापर्यंत धुतले. नंतर आपला डबा घेऊन माझ्या खाटेवर बसली. माझ्या ताटात तिची तांदळाची भाकर मोडली, माझ्या ताटातला गूळ उचलून तोंडात टाकला आणि माझ्याच पेल्यातलं पाणी प्यायली. चाळीत माझी कळशी बाजूला सारणाऱ्या बाया मला आठवल्या.

"डॉक्टरांना इचारलंय मी," ती घास चावत म्हणाली. "जेवण्यानं, जवळ बसण्यानं ही लागत नाय. रक्तानं लागते. तुझा दात घासायचा ब्रश, तुझी ब्लेड, तुझे दर महिन्याचे कपडे, हे कुणाचं कुणी वापरायचं नाय. जखमेवर पट्टी ठेवायची, उघडी नाय टाकायची. बाकी तू माणूस हायस. आता खा."

मी खाल्लं. आणि खाता खाता जळत होते, की ही इतकी चांगली कशी आहे.

*

पुढच्या वेळी छबी आली ती चिंध्यांची बाहुली घेऊन. सुगंधाने तिला दोरा ओवून सुई दिली होती, बाहुलीची वाकळ शिवायला. सुगंधा शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. मी पडल्या पडल्या बघत होते. छबीने चार टाके घातले. मग तिचा हात उचलला, कानामागे गेला, आणि तिने सुई केसांतून सर्रकन ओढली. अगदी माझ्यासारखी.

मी किंचाळले. छबी घाबरून रडायला लागली. सुगंधाने धावत येऊन तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"अगं, शिवायची सुई हाय ती, नवी कोरी. काय झालं तुला?"

मला तोंड आवरता आलं नाही. पोरीच्या कानामागचे केस बाजूला करून मी बघत होते आणि बोलत होते. आधी उकळल्या नव्हत्या. ट्रकवाल्याच्या सुया तशाच घासल्या. मला ओरखडा आला. नंतर झाकण मध्येच काढलं. मी दोनदा खोटं बोलले. "तू येऊन बघावंस म्हणून केलं. तुझी किल्ली मला पाहिजे होती."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. ती तसं म्हणाली नाही. तिचा चेहरा लाल झाला.

"किल्लीचं मरू दे. त्या दुपारी कुणाकुणाला टोचलं?"

"तिघांना."

"रजिस्टरात नावं हायत त्यांची. रिपोर्ट येऊन पंधरा दिस झाले, कौसे. पंधरा दिस तू त्या तिघांचं पोटात ठेवून गप पडून राहिलीस."

तिने छबीला कडेवर घेतलं आणि ती सरळ डॉक्टरांकडे गेली. त्या दिवशी परत माझ्या खाटेकडे आली नाही. मी स्वतःची खूप बाजू मांडली, मनातल्या मनात. ऐकायला कुणी नव्हतं.

सकाळी पडदा सरकला. ती होती. डोळे सुजलेले, हसू नाही. "नाक कसं हाय?" म्हणाली, आणि बघायच्या आधी मोजे घातले.

*

तिघांनाही बोलावून घेतलं. एक साजगावची म्हातारी, एक कारखान्यातला माणूस, एक नुकती बाळंत झालेली पोर. माझ्या खाटेवरून मला दाराचा तुकडा दिसायचा. त्यातून एकेकाला उजेडात उभं करून सुगंधा पापण्या ओढून बघत होती. तिघांचे डोळे पांढरे. रक्तं मुंबईला गेली. ते रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी माझ्या दुखण्यापेक्षा जास्त दुखून काढले. मी कधी देवापाशी दुसऱ्याच्या रक्तासाठी काही मागितलं नव्हतं, ते तेव्हा मागितलं. तिघांनाही काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बघितलं, तरी नाही.

किल्ली सुगंधाच्या कमरेला परत गेली. डॉक्टर मला म्हणाले, "चूक कुणाकडूनही होते. लपवलीस ते वाईट." काढलं नाही मला. सुयांना मात्र हात नाही. दोन महिन्यांनी डोळे पांढरे झाले, लघवी साफ झाली. माझं रक्त पुढे दोनदा तपासलं, तेही साफ. मी परत बादली उचलली.

आता मी केस घट्ट बांधून, फडकं गुंडाळून कामाला येते. नव्या आयेला मीच सांगते, रक्त दिसलं की आधी मोजे, मग धाव. त्या अर्ध्या मिनिटात पेशंट शिव्या देईल, देऊ दे. नसले मोजे तर प्लॅस्टिकची पिशवी चढव हाताला. टोचलं, खरचटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि त्याच घटकेला सांग. हसतील म्हणून गप्प बसू नकोस. आजारी माणसाचं ताट वेगळं काढू नकोस, त्याची ब्लेड वेगळी काढ.

छबी अजून "नाय" म्हणते. शनिवार आला की पळसदरीला जायचा हट्ट धरते, आणि मी तिच्या वेण्या घालताना मुद्दाम सुगंधापेक्षा घट्ट घालते.

सुगंधाला मुलबाळ नाही, नवरा लवकर गेला. म्हातारपणी तिचं करायला कोण आहे असं कंपाउंडरने एकदा तिला विचारलं होतं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "सात खाटा हायत की." तेव्हा मी बोलले नाही. आता लिहून देते. सुगंधे, कधीतरी तू पडशील, कुणीही पडतं. त्या दिवशी तुझ्या खाटेपाशी मी असेन. तुझं रक्त वाहिलं तर तू कितीही ओरडलीस तरी मी आधी मोजे घालीन, एकेक बोट सरळ करून. तुझ्या सुया आधी उकळीन, मग धार काढीन, मग पुन्हा वीस मिनिटं, झाकण न काढता. आणि हात धुऊन तुझ्या ताटात तांदळाची भाकर मोडून जेवीन.

तेवढ्या दिवसांपुरती किल्ली मात्र माझ्याकडे दे.